घाई कशाची आहे?

(पुलगाव येथे दहावीची मुले-मुली आणि पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न येतो, ‘पुढे काय?’ सोळा वर्षांच्या पोराने त्याचे एका वाक्यात उत्तर द्यावे, अशी मामूपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची अपेक्षा असते. मुलगी असेल तर, ‘आता बस झाले, रिश्ते येताहेत.’ कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 18 आहे. दहावीनंतरची वर्षे तिच्या शिक्षणाची आहेत, हे आधी स्पष्ट बोलू या.

आपल्या वर्ध्याशी जोडलेले एक नाव सांगतो. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हाताचे काम आणि पुस्तक यांची फारकत नको, हा त्या आराखड्याचा गाभा. हेच झाकीर हुसेन आधी वैद्यकीय शिक्षणासाठी लखनौच्या कॉलेजात गेले होते. आजारपणामुळे ते सुटले. मग अलीगढला तत्त्वज्ञान, इंग्रजी साहित्य आणि अर्थशास्त्र; पुढे बर्लिनची डॉक्टरेट; 1926 मध्ये जामियाचे कुलगुरू; 1967 मध्ये राष्ट्रपती. पहिला रस्ता सुटला, पण शिकणे सुटले नाही.

तुम्ही म्हणाल, गरीब घराला थांबणे परवडते का? बरोबर आहे. म्हणूनच मी ‘थांबा’ म्हणत नाही. मी म्हणतो, पुढची दारे बंद होणार नाहीत अशी निवड करा. विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले तर इंजिनिअरिंग आणि मेडिकल, दोन्हीकडे जाता येते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. पाच वर्षांच्या वकिलीला बारावी कोणत्याही शाखेची चालते. आयटीआय किंवा कला शाखा म्हणजे नापासांची जागा, हा गैरसमज सोडा.

आणि सुट्टीत एक काम करा. आपल्या गावात रेल्वे आहे, दारूगोळ्याचा डेपो आहे, बँका, दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, गॅरेज, दुकाने आहेत. तिथे काम करणाऱ्या पाच जणांना भेटा. तीन प्रश्न विचारा: दिवसभर नेमके काय करता? इथपर्यंत कसे पोहोचलात? या कामात त्रास कशाचा? उत्तरे वहीत लिहा. पगाराचा आकडा ऐकून जे कळत नाही, ते यातून कळेल.

अम्मी-अब्बूंना एवढीच विनंती, की ‘तू काय होणार?’ याऐवजी ‘तुला कशात रस वाटला?’ असे विचारा. महिन्याने उत्तर बदलले तर रागावू नका. बदलणे म्हणजे पोर विचार करतेय.

आज सभागृहात कमावणारी बरीच माणसे बसली आहेत. जाण्याआधी दाराजवळच्या वहीत आपले नाव आणि काम लिहून जा. मुले तुम्हाला भेटायला येतील. त्यांना अर्धा तास द्या.