नदीत मासे सोडण्यापूर्वी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मेळाव्याची आठवण म्हणून शाळेमागच्या नदीत मत्स्यबीज सोडावे, अशी सूचना सकाळी आली. माझे आयुष्य मत्स्यव्यवसायात गेले, म्हणून मला बोलायला उभे केले आहे. सूचनेमागची भावना मोलाची आहे. तरीही आपण हे करू नये, असे माझे मत आहे. कारण सांगतो.

दख्खनच्या महसीर माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. पुढे धरणे, सांडपाणी आणि सुरुंगाची मासेमारी यांमुळे तो घटू लागला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला १९७०च्या दशकात त्याची पैदास हाती घेतली. लाखो पिल्ले तयार झाली आणि ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली. काम मोठ्या कष्टाचे होते आणि हेतूही चांगला होता.

त्यातली काही पिल्ले कावेरीत गेली. पण कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीला कुबड असलेला. त्याच खोऱ्यातल्या काबिनी नदीत १९४६ साली १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता. आपला दख्खनचा मासा तिथे वाढत गेला आणि तिथला मूळ मासा दिसेनासा झाला. वाळूउपसा आणि अडवलेले पाणी हीदेखील कारणे होतीच. या कुबडाच्या माशाचे शास्त्रीय नाव नक्की व्हायला २०१८ साल उजाडले आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. म्हणजे एका नदीचा मासा वाचवताना दुसऱ्या नदीचा मासा संकटात आला.

फार लांब जायला नको. उजनीच्या जाळ्यात आज काय येते? चिलापी. तो मूळचा आफ्रिकेतला. डासांसाठी सोडलेले गप्पी दक्षिण अमेरिकेतले. एकदा नदीत सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही.

मग करायचे काय? महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. तिथे कोणी बीज आणून सोडले नाही, फक्त डोह राखला. महसीर पावसाळ्यात अंडी घालतो, तीही वाहत्या पाण्यातल्या दगडगोट्यांवर. गोटे-वाळू जागेवर राहिली, पाणी वाहते राहिले आणि त्या दिवसांत जाळे पडले नाही, तर नदी आपले मासे आपणच वाढवते.

म्हणून माझी सूचना अशी: बीजासाठी जमणारी वर्गणी शाळेच्या निसर्ग मंडळाला द्यावी. मुलांनी गावातल्या भोई मंडळींना बरोबर घेऊन नदीत आज कोणते मासे आहेत, याची नोंद करावी. शाळेमागचा डोह पावसाळ्यात राखण्यासाठी आपण ग्रामसभेत ठराव मांडावा. त्यासाठी पहिली सही मी करतो.