बोर्डाची खोली आणि नवी इमारत



विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर, घाटकोपरचे पंतनगर, गोरेगावचे मोतीलाल नगर. ही नावे तुमच्या कानांवर आहेतच. या वसाहती का बांधल्या आणि आता पाडून पुन्हा का बांधतात, ते आम्ही आज सांगणार आहोत.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. तेव्हा मुंबईत माणसे फार आणि खोल्या थोड्या. १९४७ साली फाळणी झाली, निर्वासित आले. एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहू लागली. मग १९४८ च्या कायद्याने हाउसिंग बोर्ड निघाले. १९५२ साली कामगारांच्या घरांची योजना आली. राज्य सरकारने बांधलेल्या घरांना केंद्र सरकार निम्मा पैसा मदत म्हणून देई, निम्मा कर्जाऊ. उपनगरांत मोकळी जमीन होती. तिथे बोर्डाच्या इमारती उठल्या. खोली लहानच, पण पक्की. डोक्यावर छप्पर आले, हे काय थोडे झाले?

१९७७ साली हे काम म्हाडाकडे गेले. पुढे पुष्कळ भाडेकरू खोलीचे मालक झाले, इमारतीच्या सहकारी संस्था झाल्या. इमारती मात्र म्हाताऱ्या झाल्या. पावसाचे पाणी मुरले, सळ्या गंजल्या, छताचे पोपडे पडू लागले.

आता बिल्डर येतो. जुनी इमारत पाडून उंच इमारत बांधतो. रहिवाशाला घर फुकट. जास्तीची घरे तो विकतो, त्यातून खर्च आणि नफा निघतो. सध्याच्या नियमाने म्हाडा वसाहतीत जुन्या रहिवाशाला निदान ३५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३७७ चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतली, चटई अंथरता येईल तेवढी जागा. ‘बिल्टअप’ म्हटले की त्यात भिंतीही मोजतात. कागदावर शब्द कोणता आहे, ते नीट बघा.

गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबे होती. जमीन म्हाडाची. २००८ साली करार झाला, लोकांनी घरे सोडली. काही वर्षांनी बिल्डरकडून येणारे भाडे थांबले. २०१८ साली म्हाडाने करार मोडला, २०२२ साली काम पुन्हा सुरू केले. तोवर कित्येक म्हातारी माणसे वाट बघतच गेली. आमच्या मते घर रिकामे करण्याआधीच सगळे विचारावे, नंतर कोणी उभे करीत नाही.

सहकारी संस्थांसाठी सरकारचा ४ जुलै २०१९ चा आदेश आहे. एकूण सभासदांपैकी ५१ टक्के हो म्हणाले की बिल्डर ठरतो. त्याने खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी द्यायची असते. तेव्हा सभेत उभे राहून विचारा, हमीचा कागद कुठे आहे? भाडे बंद पडले तर पैसे कुठून येणार? आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. उंच इमारतीला लिफ्ट लागते, पंप लागतो. त्याचा महिन्याचा खर्च किती येईल आणि तो कोण भरणार, तेही सहीच्या आधी लिहून घ्या.