लेकराच्या शौचातून रक्त पडले तर



आज आम्ही एका दुखण्याविषयी चार शब्द सांगणार आहोत. दुखणे लहान आहे, पण त्याची भीती फार मोठी.

समजा, घरात चार वर्षांचे पोर आहे. खाते, पिते, अंगणात खेळते. एक दिवस ते परसाकडे जाऊन येते. आई पाहते, तो शौचावर लालभडक रक्त! आईच्या पोटात धस्स होते. पोर मात्र हसत असते. आजी म्हणते, "उष्णता झाली असेल." शेजारीण म्हणते, "मूळव्याध दिसते." कोणी हळूच विचारतो, "कॅन्सर तर नव्हे?" मग सगळे गप्प होतात. दिवस जातात. रक्त पडतच राहते.

मंडळी, असे गप्प बसू नका. लहान मुलांना मूळव्याध क्वचितच होते. रक्ताची कारणे बहुधा वेगळी असतात.

शौच खड्यासारखे कठीण होते, मूल कुंथते, रडते, वर रक्ताची रेघ दिसते. तर बहुधा शौचाच्या जागी चीर पडलेली असते. पोटात मुरडा येतो, आव पडते, तापही येतो. तर ती रक्ताची हगवण. पण मुलाला काहीच दुखत नाही आणि तरी रक्त पडते, तेव्हा आतड्यात गाठ असू शकते.

ही गाठ म्हणजे काय? आतड्याच्या आतल्या अस्तरावर मांसाचा कोंब येतो. डॉक्टर त्याला 'पॉलिप' म्हणतात. बोराला असतो तसा त्याला देठ असतो. गाठ हरभऱ्याएवढी असते, कधी बोराएवढी. ती फार नाजूक असते. शौच पुढे सरकताना तिला घासते, आणि रक्त येते. कधी ती लाल गाठ बाहेरही डोकावते. २ ते १० वर्षांच्या मुलांत ती अधिक दिसते. बहुतेकदा ती एकच असते. अशी एकटी गाठ कॅन्सरची नसते. एवढे ऐकून जीव भांड्यात पडला ना?

पण कोणी म्हणेल, "मग दवाखाना कशाला?" ऐका. थोडे थोडे रक्त महिनोन्‌महिने गेले, तर मूल पांढरे पडते, लवकर दमते. दुसरे असे की, काही मुलांना पुष्कळ गाठी असतात. घरात आणखी कोणाला तशा गाठी असतात. अशांना पुढे कॅन्सरचा धोका असतो, म्हणून त्यांची वरचेवर तपासणी करावी लागते. आणि क्वचित गाठीच्या ओढीने आतड्यात आतडे शिरते, सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसे. मग मूल थांबून थांबून कळवळते, पाय पोटाशी घेते, ओकते. अशा वेळी एक घटकाही दवडू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा.

गाठ बाहेर दिसली तर ओढू नका. दोरा बांधू नका. डागू नका.

डॉक्टर आधी बोटाने तपासतात. मग मुलाला भूल देऊन, दिव्याची बारीक नळी शौचाच्या वाटेने आत घालतात. तारेचा फास देठाला लावून गाठ काढतात. बहुधा पोट फाडावे लागत नाही. मूल लवकर घरी येते. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तो कागद जपून ठेवा.

शेवटी एकच सांगतो. जे दुखत नाही, ते पोर सांगत नाही. संडासात गेलेले पोर पाणी ओतून मोकळे होते. म्हणून अधूनमधून आपणच पाहिले पाहिजे. त्यात लाज कसली? रक्त दिसले, तर किती पडले, केव्हा पडले, ते कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आता तुम्हांला लिहिता येते. ते लेकराच्या कामी येऊ द्या.