एकच तुळस, एकच रंग
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत बोलायची मला सवय नाही. पण गेल्या दिवाळीत माझ्या हातून मंडळाचे नुकसान झाले. त्यातून जे शिकले ते मीच सांगावे, असे अध्यक्षबाई म्हणाल्या, म्हणून उभी आहे.

आपल्या भाजणीच्या पाकिटावर तुळशीवृंदावनाचे चित्र असते. दिवाळीच्या तोंडावर लेबले संपली. मूळ चित्र कोणाकडे आहे हे विचारायचाही मी कंटाळा केला. जुन्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढला आणि छापखान्यात पाठवून दिला. उठून दिसावे म्हणून मागची जमीन लाल करायला सांगितली. जागा भरावी म्हणून चित्र आडवे ताणायला लावले. छापून आले तेव्हा वृंदावन पाण्याच्या टाकीसारखे दिसत होते. तरी मी तीच लेबले चिकटवली.

चार दिवसांत वाण्याने चाळीस पाकिटे परत पाठवली. गिऱ्हाईक म्हणे, "ही त्या बायकांची भाजणी नव्हे, कोणी नक्कल केली आहे." भाजणी तीच, हात तेच, पण ओळख पटली नाही. आपल्यातील दोघींचे घर या पैशांवर चालते. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच मनाला जास्त लागले.

माझी भाची चित्रकला शिकते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, भाजणीचे माप तुम्ही ठरवले आहे. चित्राचे माप कोठे ठरवले आहे?" मोठ्या कंपन्या आपल्या चिन्हाची नियमपुस्तिका करतात. चिन्ह कसे काढायचे, कोणता रंग, कोणती अक्षरे, भोवती किती जागा मोकळी सोडायची, किती लहान छापले तरी चालेल, आणि काय करायचे नाही, हे सारे त्यात असते.

रंगाचे कारणही तिने सांगितले. मोबाईलचा पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या उजेडाने रंग दाखवतो. रंगीत छपाई बहुधा निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या अशा चार शायांनी होते. म्हणून पडद्यावरचा हिरवा कागदावर तसाच उतरत नाही. नुसते "हिरवा" म्हणून भागत नाही. कोणती शाई किती टक्के, ते आकड्यांत लिहून द्यावे लागते.

भगिनींनो, हे काही परके नाही. आपला राष्ट्रध्वज २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला गेला. त्याची लांबी-रुंदी ३:२, वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, आणि गडद निळ्या चक्राला २४ आरे. ध्वजसंहितेत त्याची नऊ मापे दिली आहेत. सर्वांत मोठे ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटर. माप बदलले तरी प्रमाण बदलत नाही, म्हणून कोठेही पाहिला तरी तो आपलाच वाटतो.

आपल्याच पाकिटावरची शाकाहाराची हिरवी खूण पाहा. हिरव्या चौकटीत हिरवे भरीव वर्तुळ. चौकटीची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट हवी, असा नियमच आहे. वाचता न येणारी आजीसुद्धा त्या खुणेवर विश्वास ठेवते. सरकारच्या खुणेचा नियम आपण पाळत होतो, आपल्या तुळशीला मात्र नियमच नव्हता!

भाचीने आपल्याला दोन कागदांची पुस्तिका करून दिली आहे. तुळस कधी ताणायची नाही. भोवती बोटभर जागा मोकळी ठेवायची. रंगाचे आकडे छापखान्याला लिहून द्यायचे. पहिला नमुना दोघींनी पाहिल्याशिवाय छपाई करायची नाही. मूळ चित्र कार्यालयाच्या कपाटात असेल आणि त्याची एक प्रत चिटणीसबाईंच्या घरी.

ती चाळीस पाकिटे नवी लेबले लावून वाण्याने घेतली, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती. त्या दोघींची मी आज सर्वांसमोर क्षमा मागते. गिऱ्हाईक आपल्याला चेहऱ्याने ओळखत नाही, तुळशीवरून ओळखते. ती ओळख कोणा एकीची नसून सगळ्यांची आहे. तेव्हा ती कोणी एकीने बदलायची नाही, एवढेच माझे सांगणे.