परदेशचे मैदान आणि घरचे सुख

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘परदेशगमन आणि आपली कुटुंबे’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. ती आम्ही आनंदाने मान्य केली. मात्र उदाहरणे फुटबॉलच्या मैदानावरून घेण्याची मुभा मागितली. चिटणीस हसले. ज्ञातिसभेत फुटबॉल कशाला, असा प्रश्न आपणांपैकीही अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, आपल्यातील एखादा डॉक्टर किंवा इंजिनियर परदेशी जातो, तेव्हा त्याच्या घरी काय घडते हे चार भिंतींच्या आत राहते. आपणांपुढे येतात ती केवळ हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे. फुटबॉलपटूचे तसे नसते. त्याला मोबदला किती मिळाला, तो तेथे किती दिवस टिकला आणि का परतला, हे सारे जगजाहीर होते. दुसऱ्यास लागलेल्या ठेचेवरून आपण शहाणे व्हावयाचे, तर ती ठेच प्रथम दिसली पाहिजे. ती या मैदानावर दिसते.

पहिले उदाहरण आपल्याच देशातले घेऊ. कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंग संघाने 1934 पासून 1938 पर्यंत सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली. त्या संघातील महंमद सलीम 1936 साली एका नातलगाबरोबर विलायतेस गेले आणि ग्लासगो येथील सेल्टिक या नामांकित संघाच्या दारात उभे राहिले. पायांत बूट नाहीत, केवळ पट्ट्या बांधलेल्या. अशा पायांनी त्यांनी चेंडूवर जी हुकमत दाखविली, ती पाहून तेथील मंडळी थक्क झाली. सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून ते दोन सामने खेळले. वर्तमानपत्रांनी त्यांची वाखाणणी केली. संघाने राहण्याचा आग्रह केला. परंतु सलीम यांचा जीव तेथे रमेना. घरची ओढ अनावर झाली आणि ते मायदेशी परतले. पुढे पुष्कळ वर्षांनी, वडील आजारी असताना, त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र धाडले. आपल्या वडिलांची आठवण तेथे कोणास उरली आहे की नाही, एवढेच त्यास पाहावयाचे होते. उत्तरादाखल संघाकडून शंभर पौंडांचा ड्राफ्ट आला.

सलीम यांनी चूक केली काय? पैशाच्या हिशेबाने केली, असे कोणी म्हणेल. परंतु मागे उरलेल्या घराची ओढ हा मनाचा दुबळेपणा नव्हे. जो परत येतो तो हरला, असे मानण्याची आपल्या ज्ञातीत जी रीत पडू पाहत आहे, तीस आमचा पहिला विरोध येथे आहे. परदेशी नोकरी न जमून परतलेल्या मुलाला लग्नकार्यात लोक जे प्रश्न विचारतात, ते आम्ही ऐकले आहेत. त्या प्रश्नांच्या धाकाने कित्येक मुले तेथेच झुरत राहतात.

आता दोन इंग्रजी भाषी खेळाडूंची तुलना पाहू. वेल्सचे जॉन चार्ल्स 1957 साली लीड्स सोडून इटलीतील युव्हेंटसकडे 65 हजार पौंडांस गेले. तेथे ते पाच वर्षे राहिले, तीन वेळा देशाची लीग जिंकण्यास त्यांनी हातभार लावला, आणि इटालियन लोकांनी त्यांना सौम्य महाकाय अशा अर्थाचे लाडके बिरुद दिले. चारच वर्षांनी, 1961 मध्ये, जिमी ग्रीव्ह्ज हे लंडनच्या चेल्सीकडून त्याच इटलीत मिलान संघाकडे गेले. इंग्लंडमध्ये तोपर्यंत खेळाडूस आठवड्यास वीस पौंडांहून अधिक वेतन देता येत नसे. ती मर्यादा त्याच वर्षीच्या जानेवारीत उठली. म्हणजे ज्या कारणासाठी घर सोडावयाचे, ते कारणच मागे गळून पडले होते. ग्रीव्ह्ज यांनी मिलानसाठी लीगमध्ये नऊ गोल केले. खेळात कोठेही उणे नव्हते. परंतु तेथील प्रशिक्षकांची करडी शिस्त आणि सामन्यांपूर्वी घरापासून दूर डांबून ठेवणारी शिबिरे त्यांना सोसेनात. डिसेंबर उजाडला तो टॉटनहॅमने 99,999 पौंड मोजून त्यांना लंडनला परत आणले. एक लाख पौंडांचा पहिला खेळाडू असे ओझे त्यांच्या डोक्यावर बसू नये, म्हणून एक पौंड कमी दिला, असे सांगतात.

देश तोच, खेळ तोच, तरी एकास तो मानवला आणि दुसऱ्यास नाही. तेव्हा ‘अमक्याचा मुलगा गेला, तो रमला, मग आमचाच का रमू नये?’ हा जो प्रश्न आपल्या घरांत विचारला जातो, तो मुळातच चुकीचा आहे. पाहावयाचे ते हे की, हा मुलगा कोणत्या स्वभावाचा आहे, आणि ज्या कारणासाठी तो जात आहे ते कारण अद्याप शिल्लक आहे काय.

स्वभाव बदलत नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. स्पेनमधील सेव्हिलाजवळच्या एका गावचे हेसूस नावास यांचे उदाहरण या बाबतीत मोठे आश्वासक आहे. तरुणपणी घरापासून दूर जाण्याच्या कल्पनेनेच त्यांची छाती धडधडे. राष्ट्रीय संघाच्या शिबिरांनाही ते जाऊ शकत नसत. त्यांनी हे लपविले नाही, वैद्यकीय साहाय्य घेतले, आणि घाई केली नाही. 2009 मध्ये ते राष्ट्रीय संघात आले. 2010 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या विजयी गोलाची चढाई त्यांच्याच धावेने सुरू झाली. 2013 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटीकडे गेले, चार वर्षे खेळले आणि 2017 मध्ये आपल्या सेव्हिलाकडे परतले. आपल्या मुलांपैकी ज्याचे पाऊल उचलत नाही, त्यास भित्रा न म्हणता थोडा अवकाश द्यावा, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

पैशाने ही उणीव भरून निघते, असे ज्यांस वाटते त्यांनी अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझ यांच्याकडे पाहावे. मँचेस्टर सिटीत ते कर्णधार होते, गोलांचा पाऊस पाडीत होते. परंतु त्यांच्या मुली हजारो मैलांवर अर्जेंटिनात होत्या. मुलींपासून दूर राहणे असह्य होते, हे त्यांनी उघडपणे सांगितले. पुढे 2015 मध्ये ते आपल्या जुन्या बोका ज्युनियर्स संघाकडे घरी आले. तेथून डिसेंबर 2016 मध्ये चीनमधील शांघाय शेनहुआने प्रचंड मोबदला देऊ केला आणि ते गेले. पण सारे मिळून चार गोल करून जानेवारी 2018 मध्ये पुन्हा बोकाकडे परतले. आपला तेथील काळ सुट्टीसारखा गेला, असे त्यांनीच नंतर सांगितले. द्रव्य मिळाले, खेळ गेला.

लहान मुलांचा प्रश्न तर याहून नाजूक. लिओनेल मेस्सी 2000 साली रोसारिओहून बार्सिलोनास गेले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. त्यांच्या वाढीसाठी लागणाऱ्या औषधोपचाराचा भार संघाने उचलला. सारे कुटुंब तेथे गेले. पण आई व भावंडे काही काळाने परतली आणि बाप-लेक तेवढे मागे राहिले. एका मुलाच्या भाग्यासाठी घराचे दोन तुकडे झाले. तो मुलगा मेस्सी निघाला म्हणून ही कथा आपण कौतुकाने सांगतो. जी मुले मेस्सी निघाली नाहीत, त्यांच्या कथा कोण सांगणार? म्हणूनच फिफा या जागतिक संघटनेने 2001 मध्ये नियम केला की, काही मोजके अपवाद सोडता, अठरा वर्षांखालील खेळाडूस परदेशी संघात नोंदवू नये. आईबाप फुटबॉलव्यतिरिक्त अन्य कारणाने त्या देशी राहावयास गेले असतील, तर तो एक अपवाद. नियमाचा मथितार्थ असा की, मुलाने आईबापांमागून जावे. आईबापांस मुलाच्या पायांमागून फरफटत नेऊ नये.

भगिनींनो, आतापर्यंत पुरुषांचेच बोललो. परंतु आज आपल्या मुलीही परदेशी जातात. मणिपूरच्या बाला देवी 2020 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स संघात दाखल झाल्या. ज्या नगरीत सलीम अनवाणी खेळले, त्याच नगरीत 84 वर्षांनी एक भारतीय स्त्री व्यावसायिक खेळाडू म्हणून उतरली. आइसलंडच्या सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर फ्रान्समधील लियॉन संघाकडे असताना गरोदर राहिल्या व बाळंतपणासाठी मायदेशी गेल्या. त्या काळातील पुरते वेतन संघाने दिले नाही. त्यांनी फिफाकडे दाद मागितली आणि 2022 मध्ये 82 हजार युरोंहून अधिक रक्कम त्यांना देण्याचा निर्णय झाला. 2021 पासून लागू झालेल्या नियमांनी खेळाडू स्त्रीस किमान चौदा आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा मिळालीच पाहिजे. अर्थात कुटुंबसुखाचा प्रश्न केवळ मनाचा नाही. तो कराराच्या कागदावरचाही आहे. आपल्या कितीजणांनी मुलीच्या नेमणुकीच्या पत्रातील रजेचे कलम वाचून पाहिले आहे?

एवढे ऐकून कोणी म्हणेल की, वक्त्यांचा कल घरी बसण्याकडेच दिसतो. तसे नाही. घर म्हणजे नेहमीच निर्भय स्थान असते, असेही नाही. अर्जेंटिनाचे आंखेल दि मारिया मँचेस्टर युनायटेडकडे असताना 2015 मध्ये, कुटुंब घरात असताना, त्यांच्या घरावर चोरांनी हल्ला केला. त्याच वर्षी त्यांनी ते शहर सोडले. परदेशाचा हा अनुभव. पण 2024 मध्ये जेव्हा ते आपल्या जन्मगावी रोसारिओस परतण्याचा विचार करीत होते, तेव्हा तेथेच त्यांच्या कुटुंबास धमक्या आल्या आणि बेत सोडावा लागला. अखेरीस 2025 मध्ये ते रोसारिओ सेंट्रल या आपल्या पहिल्या संघाकडे गेले. घर आणि परदेश या दोहोंपैकी एक सुखाचे व दुसरे दुःखाचे, अशी सोपी वाटणी या जगात नाही.

आता थोडे स्वतःविषयी. आपली परवानगी गृहीत धरतो. आम्ही आखातात अकरा वर्षे नोकरी केली. बंगला बांधला, बहिणींची लग्ने केली, मंडळाच्या वसतिगृहास एक खोलीही दिली, आणि त्याबद्दल याच व्यासपीठावर आमचा सत्कार झाला. आम्ही कायमचे परतलो त्या आठवड्यात आमचा मुलगा शाळेचे प्रगतिपुस्तक घेऊन घरी आला. आम्ही ओसरीवर बसलो होतो. तो आमच्यासमोरून गेला, सायकल काढली, आणि सही घेण्यासाठी मामाकडे निघाला. त्याच्या मनात अढी नव्हती, राग नव्हता. सही मामाच करतात, एवढेच त्याला ठाऊक होते. आमच्या पत्नीने त्यास हाक मारून थांबविले. त्या दिवशी आम्ही सही केली, परंतु हात कापत होता. सत्काराच्या वेळी ही गोष्ट आम्ही सांगितली नाही. ती सांगण्यासाठी आज उभे आहोत. आता तोच मुलगा जर्मनीस निघाला आहे आणि त्याची पत्नी येथे चांगल्या हुद्द्यावर आहे. जा किंवा जाऊ नको, यांपैकी एकही शब्द आम्ही उच्चारलेला नाही. दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे, आणि तिच्या नोकरीचाही हिशेब त्याच्या नोकरीइतकाच मांडावा, एवढेच सांगितले.

फुटबॉलच्या जगाने या बाबतीत काही शहाणपण उशिरा का होईना, मिळविले आहे. मोठे संघ आता नव्या खेळाडूसाठी घर पाहणे, मुलांची शाळा शोधणे, पत्नीस भाषा शिकविणे, यासाठी स्वतंत्र माणूस नेमतात. ज्याचे घर बसले नाही त्याचा पायही बसत नाही, हे त्यांना नुकसान सोसून कळले. मग जे काम नफ्यासाठी चालणारे संघ करतात, ते आपुलकीवर उभ्या असलेल्या मंडळास अशक्य का असावे?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देताना उमेदवार विवाहित असल्यास पती व पत्नी या दोघांसही मुलाखतीस बोलवावे. दुसरी, ज्या गावी ज्ञातीची कुटुंबे आहेत त्यांची यादी करून नव्याने जाणाऱ्याच्या हाती द्यावी, म्हणजे पहिल्या हिवाळ्यात त्यास कोणाचे तरी दार ठोठावता येईल. तिसरी, ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वृद्ध आईबापांकडे मंडळाच्या तरुणांनी महिन्यातून एकदा पाळीपाळीने जावे. औषधे आणून द्यावी, चार गोष्टी बोलाव्या. यास पैसा फारसा लागत नाही. या तिसऱ्या कामात पहिले नाव आम्ही स्वतःचे देतो. तरुण नसलो तरी पाय अद्याप चालतात.

जे जातील त्यांनी धैर्याने जावे. जे परततील त्यांचे आपण स्वागत करावे. आणि जे मागे राहतात, त्यांचा विसर कोणासही न पडावा, एवढी प्रार्थना आहे.