न्यायासनाची चर्या आणि न्यायाची कसोटी

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ वकिलांनी केलेल्या भाषणाचा सारांश)



शिरूरच्या किंवा दौंडच्या न्यायालयातून तारीख करून आलेला कार्यकर्ता पुष्कळदा एकच तक्रार सांगतो : "साहेब आपल्या वकिलांवर डाफरले, निकाल ठरलेलाच दिसतो." ज्याच्यावर फौजदारी खटल्याची टांगती तलवार आहे, त्याची ही अस्वस्थता खरी आहे. परंतु न्यायाधीशांच्या चर्येवरून पक्षपाताचे अनुमान काढता येते काय? याचे उत्तर लोकमान्य टिळकांच्या खटल्यात आहे.

१८९७ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दावर उभे राहिले आणि जामीन मिळाला. १९०८ साली तेच दावर न्यायमूर्ती होते. आता बॅरिस्टर जिनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. सरकारच्या मागणीवरून विशेष ज्यूरी नेमली गेली. नऊ जणांत सात युरोपीय, दोन पारशी. लोकमान्यांचे मराठी लेख भाषांतरांवरून तोलले गेले.

आता न्यायमूर्तींचे वर्तन पाहा. लोकमान्यांनी सुमारे २१ तास स्वतःचा बचाव मांडला आणि तो त्यांना मांडू दिला गेला. बाह्यतः सौजन्यात उणे नव्हते. तरीही सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले, सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली आणि शिक्षा सुनावताना त्यांचे लेखन विकृत मनाचे द्योतक ठरवले गेले. अन्याय आवाजाच्या पट्टीत नव्हता. तो जामिनाच्या नकारात, ज्यूरीच्या घडणीत आणि शिक्षेच्या मापात होता.

म्हणून सौजन्य म्हणजे निःपक्षपात नव्हे आणि कठोरपणा म्हणजे पक्षपात नव्हे. सत्यशोधनासाठी साक्षीदारास प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्यानेच न्यायाधीशास दिला आहे. मात्र त्याने साक्षीदारास धाकदपटशा दाखवू नये, ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली राम चंदर खटल्यात स्पष्ट केली. तेव्हा पाहावयाचे ते हे : दोन्ही पक्षांना समान संधी मिळाली काय? आपला प्रश्न नाकारला, तर तसाच प्रश्न सरकारी वकिलांना विचारू दिला काय? आपली हरकत नोंदली गेली काय?

उत्तर प्रतिकूल असेल, तर वकिलांकरवी हरकत लेखी द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४८ अन्वये सत्र न्यायाधीशांकडे, ४४७ अन्वये उच्च न्यायालयाकडे खटला वर्ग करण्याची मागणी करता येते. तेथे तारीखवार नोंदी उपयोगी पडतात. न्यायालयाच्या दारातील घोषणा आपल्याच माणसाची बाजू दुबळी करतात.

शिक्षेपूर्वी लोकमान्यांनी न्यायालयाहून श्रेष्ठ अशा शक्तीचा निर्वाळा दिला, परंतु त्यापूर्वी कायद्याचा एकही मार्ग सोडला नाही. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते, त्याच उच्च न्यायालयात, त्या शब्दांची शिला बसली. संयमाने लढलेल्या खटल्याची दखल न्यायासनासही घ्यावी लागते, हे आपण ध्यानी ठेवावे.