अंगठा आणि सही

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका जुन्या विद्यार्थिनीने केलेले भाषण)



चार वर्षांपूर्वी मी याच खोलीत, त्या कोपऱ्यात बसत होते. पाटीवर नाव गिरवताना हात कापायचा. आज गुरुजींनी मला बोलायला उभं केलं आहे. मी कसलं भाषण करणार? माझी हकीकत सांगते. उद्या कुणाच्या लेकीला, सुनेला नवऱ्याकडे परदेशी जायचं झालं, तर उपयोगी पडेल.

माझे मालक अमेरिकेत एका खानावळीत स्वयंपाकी आहेत. ते तिथले नागरिक झाले. मग त्यांनी मला बोलावण्यासाठी अर्ज केला. डॉक्टरी तपासणी झाली, मुंबईला वकिलातीत मुलाखत झाली आणि पासपोर्टात व्हिसा आला.

पासपोर्ट म्हणजे आपण कोण, कोणत्या देशाचे, याचा दाखला. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना. दारापर्यंतच, बरं का! आत घ्यायचं की नाही, हे दारावरचा अधिकारी ठरवतो. या तपासणीला इमिग्रेशन म्हणतात. अमेरिकेत पहिल्यांदा ज्या विमानतळावर उतराल, तिथेच ती होते. पुढे दुसऱ्या विमानाने जायचं असलं, तरी आधी ही तपासणी.

निघताना सासूबाईंनी पदराखालून एक पुरचुंडी दिली. दोडक्याचं बी आणि मूठभर हिरवा कढीपत्ता. शेजारीण म्हणाली, "लुगड्याच्या घडीत ठेव. कोण बघतंय?" मी काही बोलले नाही. बॅगेत टाकलं.

मी न्यूअर्कला उतरले. केवढी ती रांग! कागद मी हातातल्या पिशवीत ठेवले होते. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि मालकांचा पत्ता व फोन लिहिलेली चिठ्ठी. मोठ्या बॅगेत कागद ठेवू नका, कारण ती बॅग तपासणीनंतर हाती येते. वकिलातीने बंद पाकीट दिलं असेल, तर ते फोडू नका. आता बहुतेक कागद संगणकावरूनच जातात.

माझा नंबर आला. अधिकाऱ्याने काचेच्या यंत्राकडे बोट दाखवलं. चार बोटं ठेवा. मग म्हणाला, अंगठा ठेवा.

माझ्या पोटात धस्स झालं. अंगठा उठवायची लाज वाटायची, म्हणून तर मी शिकले. आणि सात समुद्र ओलांडून पुन्हा अंगठाच! मग पाहिलं, तर शेजारच्या रांगेतला सुटाबुटातला माणूसही अंगठाच ठेवत होता. तेव्हा कळलं. तिथला अंगठा सहीच्या बदली नसतो. माणूस तोच आहे ना, ही ओळख पटवण्यासाठी असतो. त्यात लाज कसली?

नंतर मला दुसऱ्या खोलीत बसवलं. बायांनो, इथे घाबरू नका. व्हिसावर कायम राहायला येणाऱ्यांना पुष्कळदा असं बसवतात. तो काही गुन्हा नव्हे. मी दोन तास बसले. मालक बाहेर उभे होते, पण त्यांना आत येता येत नव्हतं. जे बोलायचं ते मलाच बोलायचं होतं. भाषा कळली नाही, तर "इंग्रजी येत नाही, दुभाषा हवा" असं सांगावं. उगाच "येस, येस" म्हणू नये.

मला बोलावलं. नवऱ्याचं नाव काय? लग्न कधी झालं? कुठे राहणार? मी सांगितलं. मग अधिकाऱ्याने छापलेला पत्ता माझ्यापुढे ठेवला. हाच का?

मी चिठ्ठी काढली. एकेक आकडा बोटाने जुळवला. इंग्रजी आकडे मी एसटीच्या पाट्यांवरून आणि मोबाईलवरून शिकले होते. चिठ्ठीत घर नंबर १२४ होता. छापलेला होता १४२! गावाकडे अर्ज भरून देणाऱ्याने आकडे उलटे टाकले होते. मी मान हलवून "नो" म्हटलं आणि चिठ्ठी पुढे केली. त्याने तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

ही चूक लहान नव्हती. तिथे राहण्याचा पुरावा म्हणजे ग्रीन कार्ड. ते टपालाने त्याच पत्त्यावर येतं. एप्रिल २०२४ पासून त्याची फी २३५ डॉलर आहे. पत्ता चुकला, तर कार्ड भलत्याच दारी जातं. कार्ड येईपर्यंत व्हिसावर मारलेला शिक्काच एक वर्ष पुरावा म्हणून चालतो. म्हणून शिक्का तिथेच पाहून घ्यावा.

आणखी एक ध्यानात ठेवा. पोचताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवराबायकोंनी मिळून अर्ज करायचा असतो. नवरा छळ करत असेल, तर बायकोला एकटीलाही तो अर्ज करता येतो. म्हणून आपला पासपोर्ट आणि कागद आपल्याच ताब्यात असावेत.

शेवटी बॅगांची तपासणी. अधिकारीण म्हणाली, "फूड? सीड्स?" सीड्स म्हणजे बी, हे मला ठाऊक होतं. मला शेजारणीचं बोलणं आठवलं. सासूबाईंचा चेहराही आठवला. पण मी पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. तिने बी आणि कढीपत्ता काढून घेतला. त्यातून पिकांवरची कीड आणि रोग पसरतात, म्हणून बंदी आहे. दंड मात्र झाला नाही, कारण मी आपण होऊन सांगितलं होतं. लपवलं असतं, तर दंड भरावा लागला असता. आणि इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे महत्त्वाच्या गोष्टीत खोटं बोललं, तर त्या देशाचं दार जन्माचं बंद होऊ शकतं.

बाहेर आले. मालक उभे होते. दोन वर्षांनी भेट झाली. त्यांनी पहिलं विचारलं, "काही अडचण आली का?"

मी म्हटलं, "घराचा नंबर चुकला होता. मी वाचला."

भगिनींनो, अंगठा तर सगळ्यांनाच द्यावा लागतो. पण कागदावर काय लिहिलंय, ते आपलं आपण वाचता आलं पाहिजे. उद्यापासून वर्गाला एकही दिवस चुकवू नका.